रीफ टँकमध्ये काहीही ओतण्याआधी

रीफ टँक म्हणजे घरातली जिवंत पोवळ्यांची, खाऱ्या पाण्याची टाकी. ती लागून पाच-सहा महिने झाले, खडकांवर जांभळट कोरलाइन शेवाळ चढायला लागलं, हॅमर नावाच्या पोवळ्याच्या दोन तोंडांची चार झाली, की टाकीखालच्या कपाटात बाटल्या जमायला लागतात. कॅल्शियम, केएच (अल्कलिनिटी, म्हणजे पाण्याची आम्ल मुरवायची ताकद), मॅग्नेशियम, स्ट्राँशियम, आयोडीन, अमिनो अ‍ॅसिड, रंग खुलवणारं काहीतरी, आणि लेबल तीनदा वाचूनही आत नक्की काय ते कळू न देणारी एक. माझ्याकडे एके काळी अशा अकरा होत्या. आज तीन डबे आहेत आणि त्यातला एक खायच्या सोड्याचा आहे. त्या डब्यांना हात लावण्याआधी काय काय तयार हवं, ते इथे क्रमाने लिहितोय. क्रम मोडू नका, कारण पुढचं प्रत्येक काम मागच्यावर उभं आहे.

पहिलं, टाकीत राहतं कोण ते बघा. मशरूम, झोआ, लेदर ही मऊ कोरलं (पोवळी) एवढीच मंडळी असतील तर बाकीचं वाचायची घाई नाही. ती दगडी सांगाडा बांधत नाहीत, आठवड्याला दहा टक्के पाणी बदललं की सॉल्ट मिक्समधून त्यांचं भागतं. हॅमर, टॉर्च, मॉन्टी, अ‍ॅक्रो ही दगडी कोरलं, सांगाड्यासाठी कॅल्शियम नि केएच खरी खाणारी. आणि ती असतील तर आधी कागद तपासा. आपल्या किनाऱ्यावरची दगडी पोवळी आणि समुद्रपंखे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत; मालवणहून खिशात घालून आणलेला मेलेला तुकडाही त्यातून सुटत नाही. परदेशी दगडी कोरल सायटीस या वन्यजीव-व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात येतात, म्हणजे आयातीला परवाना लागतो, आणि आपल्या कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर घरात ठेवलेल्या अशा जिवंत प्राण्यांची नोंदणीही. दुकानदार कागदाचं नाव काढलं की विषय बदलत असेल तर तो फ्रॅग (विकायला कापलेला कोरलचा तुकडा) तिथेच राहू द्या.

मग पाणी. घरातल्या प्युरिफायरचं पाणी टाकीला चालत नाही, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला पटत नाही. पण पिण्याच्या मशीनमध्ये चवीसाठी थोडं नळाचं पाणी परत मिसळायची सोय असते, काहींत मिनरलचं काडतूस असतं, आणि हल्ली तर तांबं सोडणारी मशीन जोरात खपतात. माणसाला तांब्याच्या भांड्यातलं पाणी चांगलं म्हणतात. कोरल, कोळंबी, गोगलगाय यांना तेच तांबं फार थोडं असलं तरी मारक ठरतं. वेगळं आरओ आणि त्याच्या पुढे डीआयची (उरलेले क्षार शोषणाऱ्या रेझिनची) नळी लावा, आणि टीडीएस पेन, म्हणजे विरघळलेले क्षार मोजणारं पेन, शून्य दाखवेल तेच पाणी मीठ कालवायला, टॉप-अपला (वाफ होऊन गेलेल्या पाण्याची भर घालायला) आणि पावडर विरघळवायला वापरा. पेन एकवर गेलं की डीआयचं रेझिन बदलायची वेळ आली.

नंतर खारटपणा. समुद्र ३५ पीपीटीचा (हजार भागांत ३५ भाग क्षार), म्हणजे सापेक्ष घनता साधारण १.०२६. खारटपणा मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर शुद्ध पाण्यावर शून्याला लावून भागत नाही, ३५ पीपीटीचं कॅलिब्रेशनचं पाणी मिळतं त्यावर लावायचा. एवढा काथ्याकूट का, तर बाकीचे सगळे आकडे याच्यावर टांगलेले असतात. समुद्रात कॅल्शियम लिटरला सुमारे ४२० मिलिग्रॅम, मॅग्नेशियम १,३०० च्या आसपास, अल्कलिनिटी, म्हणजे केएच, ७ डीकेएच (हे तिचं एकक). टाकीतलं पाणी ३२ पीपीटीला उतरलं असेल तर कॅल्शियम ३८५ दिसणारच. अशा वेळी कमी असतं मीठ, आणि लोक कॅल्शियम ओतत बसतात.

आता टेस्ट किट. किमान तीन हवीत: केएच, कॅल्शियम, मॅग्नेशियम. नायट्रेट आणि फॉस्फेटची असली तर उत्तम, कारण या दोन्ही गोष्टी शून्यावर असताना केएच ९-१० वर चढवला की अ‍ॅक्रोची टोकं पांढरी पडतात. किटची मुदत बघा आणि बाटली उघडल्याची तारीख मार्करने झाकणावर लिहा. हे मी अनुभवावरून सांगतोय. एका जूनमध्ये माझ्या किटने केएच ६ दाखवला. मी घाबरून तीन दिवस केएच चढवणारा सोडा देत राहिलो, किट ६ च्या वर जाईना. चौथ्या दिवशी मित्राचं किट आणलं, त्यात ११.८. माझी रसायनाची बाटली अख्खा उन्हाळा खिडकीत उभी होती. तोवर हॅमरने तोंडं आत ओढली होती, हीटरवर पांढरा खरखरीत थर धरला होता, खालच्या टाकीतलं पाणी वर चढवणारा रिटर्न पंप गुरगुरत होता. पंप रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवला तेव्हा सुटला. हॅमरचं एक तोंड गेलं ते गेलंच. तेव्हापासून आकडा विचित्र आला की मी आधी किटवर संशय घेतो, आणि दुसऱ्या किटने खात्री झाल्याशिवाय चमचा उचलत नाही.

यादीतला सगळ्यात मोठा टप्पा म्हणजे टाकीची भूक मोजणं. चार दिवस काहीही टाकू नका, पाणीही बदलू नका. रोज एकाच वेळी, मी रात्री नऊला करतो, फक्त केएच मोजा आणि वहीत लिहा. फक्त केएच का? समजा दिवसाला ०.४ डीकेएच खाल्ला जातोय. ८ मधून ०.४ गेला तर किटला दिसतो. त्याच वेळी कॅल्शियम ४२० मधून जेमतेम ३ उतरतं, ते कुठल्या घरगुती किटला दिसणार? सांगाडा बांधताना दोघांचं प्रमाण ठरलेलं असतं, एका डीकेएचमागे सुमारे ७ मिलिग्रॅम कॅल्शियम, त्यामुळे एकाचा खप कळला की दुसऱ्याचा हिशोब करता येतो. कॅल्शियम पंधरा दिवसांनी मोजलं तरी चालतं, मॅग्नेशियम महिन्यातून एकदा. पण मॅग्नेशियम १,२५० च्या खाली असेल तर सुरुवात त्याच्यापासून करा. कॅल्शियम कार्बोनेटचे स्फटिक वाढण्याच्या आड तेच येतं. ते कमी पडलं की वरून कितीही सोडा नि कॅल्शियम द्या, टिकत नाही.

आता माझ्या टाकीचा हिशोब मांडून दाखवतो. तीन बाय दीड बाय दीड फुटाची काच, खाली सम्प, म्हणजे पाणी फिरतं ती दुसरी टाकी. दगड-वाळू वजा करून खरं पाणी २०० लिटर. हा आकडा आधी नक्की करा, दुकानात सांगितलेले लिटर धरू नका. १०० लिटरमध्ये एक डीकेएच चढवायला ३ ग्रॅम खायचा सोडा लागतो. माझा खप ०.४, म्हणजे रोज २.४ ग्रॅम. जोडीला कॅल्शियम क्लोराइड २.१ ग्रॅम. रोज चिमटी-चिमटी कोण तोलणार? म्हणून एका बाटलीत लिटरला ६० ग्रॅम सोडा, दुसरीत लिटरला ५२.५ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड, आणि दोन्हींतून रोज ४०-४० मिली. तुमचा खप वेगळा असेल तर बाटल्या याच ठेवा, मिली बदला. आणि कमतरता भरून काढायची असेल तर दिवसाला एक डीकेएचच्या वर चढू नका.

पावडरींबद्दल थोडं. खायचा सोडा म्हणजे बेकिंग पावडर नव्हे, तिच्यात आम्ल आणि स्टार्च असतो. कॅल्शियम क्लोराइडच्या डब्यावर डायहायड्रेट (स्फटिकात पाणी धरलेलं) लिहिलंय का ते वाचा. वरचा हिशोब त्याचाच आहे, निर्जल प्रकारात त्याच वजनात कॅल्शियम जास्त भरतं. पावडर पाण्यात थोडी थोडी टाका, उलट नको. कॅल्शियम क्लोराइड विरघळताना बाटली हाताला थोडी गरम लागते, पहिल्यांदा दचकायला होतं. पावसाळ्यात तर या पावडरीवर नजर ठेवावीच लागते. ठाण्यात जुलैमध्ये झाकण सैल राहिलं की दोन दिवसांत डब्यात लापशी होते, आणि मग तोललेल्या वजनात कॅल्शियम किती नि पाणी किती कोण सांगणार. मी आणल्या दिवशीच सगळी पावडर विरघळवून टाकतो. तोलायला ०.०१ ग्रॅमचा छोटा काटा, मोजायला औषधांच्या दुकानातल्या १० मिलीच्या सिरिंजा, दोन बाटल्यांना दोन रंगांची लेबलं. सिरिंजही वेगळ्या ठेवा. दोन्ही द्रावणं एकमेकांत मिसळली की दुधासारखं पांढरं होतं आणि तुमचं कॅल्शियम नि केएच दोन्ही खडू होऊन तळाला बसतात. टाकीतही म्हणूनच एक सकाळी, एक संध्याकाळी, आणि ओतायचं ते रिटर्न पंपाजवळ, जिथे पाणी जोरात फिरतं तिथे.

या जोडीतून मागे उरतं साधं मीठ. माझ्या हिशोबाने महिन्याला ५० ग्रॅम. जर्मनीतल्या हान्स-वेर्नर बालिंग यांच्या पद्धतीत तिसरी बाटली बिनमिठाच्या समुद्री क्षारांची असते ती याचसाठी. मी तिसरी बाटली ठेवत नाही, दर आठवड्याला पाणी बदलतो आणि खारटपणा बघतो.

बेडरूममध्ये एसी लावून खिडक्या बंद असतील तर खोलीत कार्बन डायऑक्साइड साठतो आणि टाकीचा पीएच ७.८ च्या आसपास रेंगाळतो. अशा घरात मला सोड्यापेक्षा चुना आवडतो, कारण तो पीएचही वर नेतो. आजीच्या बटव्यातली चुन्याची निवळी आठवतेय ना? तीच. जर्मनमध्ये काल्कवासर म्हणजे शब्दशः चुन्याचं पाणी, आणि पेटर विल्केन्स यांनी १९७० च्या दशकात ते रीफ टँकमध्ये रूढ केलं. कॅल्शियम आणि केएच एकाच पाण्यातून, ठरलेल्या प्रमाणात, मागे मीठ न उरता. पानाच्या टपरीवरचा चुना मात्र नको, त्यात आणखी काय आहे ते कुठे लिहिलेलं नसतं. शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड घ्या. कालवा, झाकण लावा, रात्रभर राहू द्या. सकाळी तळाशी गाळ बसलेला असतो, वर नितळ निवळी, आणि झाकण उघडं राहिलं असेल तर तिच्यावर साय धरलेली दिसते. ती साय म्हणजे हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने वाया घालवलेला चुना. गाळ टाकीत जाऊ द्यायचा नाही, फक्त निवळी, तीही थेंब-थेंब आणि शक्यतो रात्री. पीएच १२ च्या वर असतो; हातमोजे घाला आणि पाण्यासारखं दिसणारं हे पाणी मुलांच्या हाताला लागेल असं ठेवू नका.

निवळी जाते टॉप-अपच्या पाण्यातून, म्हणजे जितकी वाफ तितकी निवळी, आणि इथे आपला ऋतू आडवा येतो. मे महिन्यात पंखा लावल्यावर माझ्या टाकीतून रोज तीन लिटर उडतं, जुलैत जेमतेम एक. लिटरला तितकाच चुना ठेवला तर पावसाळ्यात डोस तिसऱ्या हिश्श्यावर येतो आणि केएच का उतरतोय ते कळत नाही. म्हणून दिवसाचा चुना ठरवा: माझ्या ०.४ डीकेएचला साधारण एक ग्रॅम. मेमध्ये तो तीन लिटरमध्ये, जुलैत एका लिटरमध्ये. लिटरला दीड ग्रॅमच्या वर तसाही तो फारसा विरघळत नाही. आणि चुना सुरू केला की त्या प्रमाणात सोडा-क्लोराइड बंद, दोन्हीकडून पूर्ण डोस नको.

उरलेल्या बाटल्या पटकन आटोपतो. समुद्रात स्ट्राँशियम लिटरला ८ मिलिग्रॅम, आयोडीन ०.०६. जे मोजता येत नाही ते टाकू नये, आणि आयोडीन तर मुळीच अंदाजाने नाही. पाणी बदलताना दोन्ही परत येतात. अमिनो अ‍ॅसिड म्हणजे खाऊ आहे, नायट्रेट-फॉस्फेटच्या हिशोबात धरा. व्होडका किंवा व्हिनेगर देऊन जिवाणू वाढवायचा प्रकार दमदार स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) नसेल तर करू नका. एका रात्रीत पाणी दुधाळ होतं आणि ऑक्सिजन पडतो.

डोसिंग पंप (ठरल्या वेळी ठरलेले मिली आपोआप सोडणारा) घ्यायचा असेल तर हाताने दोन महिने केल्यावर घ्या. नळीची टोकं पाण्याच्या वर, एकमेकांपासून वीतभर लांब; बुडवून ठेवलीत तर कधीतरी सायफन होऊन अख्खी बाटली टाकीत उतरेल. मोजपात्रात दहा मिली सोडून पंप खरंच दहा सोडतो का ते दर महिन्याला बघा. आणि एक गोष्ट हमखास निसटते: डोसिंग पंप इन्व्हर्टरवर आणि रिटर्न पंप साध्या लाइनवर असेल तर वीज गेल्यावर सोडा सम्पच्या एकाच कोपऱ्यात पडत राहतो. दोन्ही एकाच स्विचवर घ्या.

शेवटी गावाला जायची तयारी. गणपतीत आम्ही पाच दिवस कोकणात असतो. सिरिंजा आधीच भरून, टोपणं लावून, पाच पाकिटांवर वार लिहून ठेवतो. शेजारच्या काकूंना सकाळची निळी, संध्याकाळची लाल असं एकदा समोर करून दाखवतो. पाकिटावर वाराखाली मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं: काकू, विसरलात तर राहू दे, दुसऱ्या दिवशी दोन देऊ नका.