करारावर स्टँप कमी आहे? आधी मूळ कागद शोधा

फॅब्रिकेशनचं काम घेणाऱ्या एक ताई प्लास्टिकची फाइल पोटाशी धरून ऑफिसात आल्या होत्या. काम पूर्ण, शेवटची दोन बिलं थकलेली. करारात लवादाचं कलम होतं, म्हणजे वाद झाला तर तो कोर्टाऐवजी नेमलेल्या लवादाने (पंचाने) सोडवायचा, म्हणून त्यांनी नोटीस दिली. उत्तर आलं ते दोनच ओळींचं: करारावर पुरेसं मुद्रांक शुल्क भरलेलं नाही, त्यामुळे लवादाचं कलम कायद्याने अस्तित्वातच नाही. सोबत सर्वोच्च न्यायालयाच्या एप्रिल २०२३ च्या निकालाचा हवाला. ताईंचा प्रश्न सरळ होता, "मॅडम, शंभरच्या स्टँपपायी माझे पैसे बुडाले का?"

नाही बुडाले. समोरच्या वकिलांनी हवाला खरा दिला होता, फक्त डिसेंबरपर्यंत वाचायचं राहिलं होतं. २५ एप्रिल २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने एन. एन. ग्लोबल प्रकरणात तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने म्हटलं होतं की, स्टँप नसलेल्या करारातलं लवादाचं कलम अंमलात आणता येणार नाही. त्याच वर्षी १३ डिसेंबरला सात न्यायमूर्तींच्या पीठाने एकमताने ते मोडीत काढलं. स्टँप नसला किंवा कमी असला म्हणजे दस्त पुराव्यात वाचता येत नाही, पण तो रद्दबातल होत नाही. दोष भरून काढता येतो. आणि स्टँपचा वाद लवाद नेमतानाच कोर्टाने सोडवत बसायचा नाही. कोर्टाने लवादाचा करार सकृतदर्शनी आहे का एवढं पाहायचं, बाकीचं लवादाने.

खोटं कशाला बोलू, मधल्या आठ महिन्यांत एका अशिलासाठी हाच आक्षेप मीही घेतला होता. तेव्हा तो चालायचा. आज फक्त वेळकाढूपणा होतो.

पण म्हणून स्टँपकडे दुर्लक्ष करू नका. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाचं कलम ३४ कोर्टाइतकंच लवादालाही लागू आहे. पक्षकारांच्या संमतीने पुरावा घेण्याचा अधिकार मिळालेली व्यक्तीही त्यात येते. म्हणजे अडचण दारात नाही आली तरी आत गेल्यावर येणारच. लवाद दस्त अडकवून ठेवेल आणि तूट व दंड भरेपर्यंत तुमचा करार वाचला जाणार नाही.

तेव्हा पहिलं काम, मूळ दस्त शोधा. झेरॉक्सवर शुल्क भरून ती नियमित करून घेता येत नाही, हे २००७ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने हरिओम अगरवाल प्रकरणात सांगितलंय. ताईंकडे फाइलमध्ये झेरॉक्सच होती. मूळ प्रत त्यांच्या जुन्या अकाउंटंटच्या कपाटात निघाली, तीही चार दिवसांनी. समोरच्याकडेच मूळ प्रत असेल तर ती हजर करण्याची मागणी आत्ताच लेखी करून ठेवा.

मूळ कागद हातात आला की स्टँप पेपर उलटा करा. मागे व्हेंडरचा शिक्का, तारीख आणि खरेदीदाराचं नाव असतं. आपल्याकडे स्टँप करारातल्याच एका पक्षाच्या नावाने घेतलेला लागतो आणि खरेदीपासून सहा महिन्यांत वापरावा लागतो. ऑफिसबॉयच्या नावाने घेतलेला स्टँप मी कितीदा पाहिलाय म्हणून सांगू! रक्कम बरोबर असूनही असा कागद अडकतो.

मग तूट काढा. दर सही झाली त्या दिवशीचा धरायचा, आजचा नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये किरकोळ करारांचा शंभरचा स्टँप पाचशेचा झाला, पण २०२१ चा करार असेल तर २०२१ चाच दर. मात्र सगळेच करार 'किरकोळ'मध्ये बसत नाहीत. कामाच्या ठेक्याला वेगळा अनुच्छेद आहे आणि ताईंचं तिथेच चुकलं होतं.

दंड महिन्याला २ टक्के, अर्धवट महिनाही पूर्ण धरतात, सही झाल्यापासून. समजा तूट १०,००० आणि ३० महिने झाले, तर दंड ६,०००, एकूण भरायचे १६,०००. तुटीच्या चौपटीवर दंड जात नाही. जिथे केंद्राचा १८९९ चा कायदाच लागू आहे, तिथे हिशेब महिन्यावर नसतो, दंड दसपटीपर्यंत पोचतो.

हा हिशेब घेऊन मुद्रांक जिल्हाधिकारी कार्यालयात मूळ दस्तासह अर्ज करा. शुल्क ते ठरवतात, पैसे ग्रास या सरकारी पोर्टलवरून भरायचे, आणि भरल्याचा शेरा सहीशिक्क्यासह दस्तावरच मारून घ्यायचा. नुसत्या चलनावर समाधान मानून परत येऊ नका. शुल्क कोणी भरायचं यावरही भांडत बसू नका. तुम्ही भरा आणि खर्चाच्या मागणीत टाका.

यात महिने जातात, आणि इथेच लोक फसतात. स्टँप पूर्ण झाल्यावर नोटीस काढू म्हणतात आणि थकबाकीच्या दाव्याची तीन वर्षांची मुदत निघून जाते. लवाद कायद्याच्या कलम २१ ची नोटीस समोरच्याला पोचली की त्या वादापुरती कार्यवाही सुरू झाली, असं धरतात. तिच्यासाठी स्टँपची वाट पाहायची गरज नाही. कमी पडलेला स्टँप दंड भरून भरता येतो, गेलेली मुदत कुठेच भरता येत नाही. नोटिशीत वाद काय, रक्कम किती आणि लवाद म्हणून कोण, हे स्पष्ट लिहा. ३० दिवसांत नेमणूक झाली नाही तर कलम ११ खाली उच्च न्यायालयात अर्ज. समोरच्याने उलट दिवाणी दावा ठोकला असेल, तर तिथे आपलं पहिलं म्हणणं देण्याआधी किंवा त्याच वेळी कलम ८ चा अर्ज द्या. कैफियत (दाव्याला लेखी उत्तर) देऊन बसलात तर लवादाकडे जायची वाट बंद होते.

ताईंनी दोन्ही कामं एकदम चालवली. पहिल्या सुनावणीला समोरच्या वकिलांनी दस्त मागून घेतला, पान उलटलं, मागचा शेरा आणि जांभळा शिक्का पाहिला, आणि काही न बोलता परिशिष्टाकडे वळले. रंगकामाचं माप चौरस फुटात की चौरस मीटरमध्ये, यावर त्या दिवशी दोन तास गेले.