डेबियन सर्व्हरला लक्षात राहील असे नाव कसे द्यावे

डेबियन या लिनक्स प्रणालीवरील सर्व्हरच्या नावात रोमन लिपीतील लहान अक्षरे, अंक आणि मधे हायफन एवढेच वापरावे. अंडरस्कोर चालत नाही आणि लांबीची मर्यादा ६३ अक्षरांची आहे. यंत्राचे आजचे काम नावात घालू नये, कारण काम बदलते आणि नाव मात्र चिकटून राहते. आरएफसी म्हणजे इंटरनेटविषयीचे मानक व सल्ल्यांचे दस्तऐवज; १९९० च्या आरएफसी ११७८ मध्येही हाच सल्ला आहे. मी फुलांची नावे देतो. येथे ‘पारिजात’ धरू, प्रत्यक्षात ते रोमन अक्षरांत टाइप करायचे.

नाव बदलणारी ‘होस्टनेमसीटीएल’ ही आज्ञा चालवा आणि मोकळे व्हा, असे सर्रास सांगितले जाते. हा सल्ला अर्धवट आहे. त्या आज्ञेने ‘ईटीसी’ फोल्डरमधील ‘होस्ट्स’ फाइल (पत्ते आणि नावे यांची यादी) बदलत नाही. तिथे जुनेच नाव राहते आणि मग प्रत्येक ‘सुडो’गणिक (प्रशासकाच्या अधिकाराने आज्ञा चालवताना) होस्ट सापडत नसल्याची तक्रार उमटते. म्हणून आधी होस्ट्स फाइल उघडावी आणि नाव नंतरच बदलावे. हा क्रम मी कधीही उलटा करत नाही.

त्या फाइलमध्ये १२७.०.०.१ आणि ‘लोकलहोस्ट’ ही ओळ असते, तिला हात लावू नये. आपली ओळ १२७.०.१.१ ने सुरू होते. तिच्यात पत्त्यानंतर आधी डोमेनसह पूर्ण नाव आणि त्यानंतर नुसते ‘पारिजात’ लिहावे. मी एकदा नेमके उलटे लिहिले होते. सर्व्हर स्वतःचे पूर्ण नाव म्हणून नुसते ‘पारिजात’ सांगू लागला आणि पुढचा मेल सर्व्हर त्याची प्रत्येक मेल नाकारू लागला. दोन संध्याकाळी मी मेलच्याच सेटिंगमध्ये शोधत बसलो, चूक मात्र या एका ओळीतील शब्दांच्या क्रमात होती.

डोमेन म्हणून ‘डॉट लोकल’ घेऊ नये. २०१३ च्या आरएफसी ६७६२ नुसार ते मल्टिकास्ट डीएनएससाठी (स्थानिक नेटवर्कवरील यंत्रांनी एकमेकांची नावे परस्पर शोधण्याच्या पद्धतीसाठी) राखीव आहे. स्वतःचे डोमेन नसल्यास घरच्या नेटवर्कसाठी ‘होम डॉट आर्पा’ घ्यावे.

आता ‘होस्टनेमसीटीएल सेट-होस्टनेम पारिजात’ चालवावे. भाड्याच्या क्लाउड सर्व्हरवर क्लाउड-इनिट (सर्व्हर सुरू होताना त्याची सेटिंग करणारा प्रोग्राम) असल्यास त्याच्या कॉन्फिग फाइलमध्ये ‘प्रिझर्व्ह होस्टनेम’ला ‘ट्रू’ करावे, नाहीतर रीबूटनंतर जुने नाव परत येऊ शकते.

‘होस्टनेम -एफ’ या आज्ञेने पूर्ण नाव दाखवले की राउटरच्या डीएनएसमध्ये (नावावरून पत्ता सांगणाऱ्या सेवेत) नोंद करावी. टर्मिनलच्या प्रॉम्प्टवर जुने नाव दिसत राहिले तरी काही बिघडलेले नसते. लॉगआउट करून पुन्हा आत आल्यावर नवे दिसते.