दिवस जात नाहीत? भाऊ, या चुका टाळा

मी तालुक्याच्या गावी पॅथॉलॉजी लॅब चालवतो. लग्नाला चार-पाच वर्षं झालेली जोडपी येतात, तेव्हा वहिनींच्या हातात जाडजूड फाईल असते. सोनोग्राफी, थायरॉइड, नळ्यांचा एक्स-रे, सगळं त्यात. भाऊंचा मात्र एकही कागद नसतो. विचारलं की म्हणतात, "माह्यात काय खोट असन? माहं कायले पाहता?"

पहिली आणि सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. मूल न होणाऱ्या जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचंही कारण सापडतं. वर्षभर प्रयत्न करून दिवस गेले नाहीत, तर दोघांची तपासणी सोबतच करा. वहिनींचं वय 35 च्या वर असेल तर सहा महिनेच थांबा. वीर्यतपासणीत सुईसुद्धा टोचत नाही. तेवढ्यासाठी बाईनं वर्षानुवर्षं टोमणे ऐकायचे, हे मला पाहवत नाही.

नमुना देतानाही घोळ होतात. मे महिन्यात एक भाऊ दूरच्या गावाहून औषधाची धुतलेली बाटली मोटरसायकलच्या डिक्कीत घालून घेऊन आले. सूक्ष्मदर्शकाखाली जवळजवळ सगळे शुक्राणू निपचित. ऐकून ते बाकावर मटकन बसले. चार दिवसांनी बोलावून लॅबमध्येच नमुना घेतला, तर निम्म्याहून जास्त हलत होते. म्हणून 2 ते 7 दिवस संबंध टाळून या, लॅबनं दिलेलीच डबी वापरा आणि नमुना तासाभराच्या आत पोचवा. एका रिपोर्टवर खचू नका, दुसरा कराच.

आता पोट. आपल्याकडे सुटलेलं पोट म्हणजे खात्यापित्या घरची खूण. पण कंबर 90 सेंटिमीटरच्या वर गेली की ती चरबी नुसती बसून राहत नाही. तिच्यातलं एक एन्झाइम टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनचं इस्ट्रोजेन, म्हणजे बायकी हार्मोन करतं. इस्ट्रोजेन वाढलं की मेंदूकडून वृषणांना मिळणारे हुकूम मंदावतात. वृषणं शरीराहून 2 ते 4 अंश थंड असावी लागतात, पण मांड्या-ओटीपोटाची चरबी त्यांना ऊब देत राहते. त्यात विदर्भाचा उन्हाळा आणि दिवसभर ट्रॅक्टर नाहीतर ट्रकची तापलेली सीट.

तिसरा मार ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसचा. जवसाचं तेल उघडं ठेवलं की हवेनं खवट होतं, हे घरोघरी ठाऊक आहे. शुक्राणूचं आवरण तसल्याच नाजूक स्निग्धांशाचं असतं. लठ्ठपणात शरीरात बारीक दाह धुमसत राहतो, ऑक्सिजनचे मारक कण वाढतात आणि ते आवरण खवट होतं. शेपटीचा जोर जातो, आतला डीएनए तुटतो. मग संख्या ठीक असूनही गर्भ राहत नाही किंवा राहून पडतो. साध्या तपासणीत डीएनएची ही तूट दिसत नाही.

बारीक माणसानं निर्धास्त राहू नये. पन्नीत घासलेला सुपारी-तंबाखूचा खर्रा दिवसभर गालात असेल, तर तंबाखू हेच काम करते. कपाशीवर फवारणी करताना अंगभर कपडे, हातमोजे आणि मास्क हवेच. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली, ते आपण विसरलेलो नाही.

'ताकदीचं' म्हणून जिममध्ये टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन घेऊ नका, हे हात जोडून सांगतो. बाहेरून हार्मोन मिळालं की शरीर स्वतःचे शुक्राणू बनवणं थांबवतं, कधीकधी पार शून्यावर येतं. पावडर-गोळ्यांवरही भिस्त नको. झिंक आणि फॉलिक ॲसिडवरचा अमेरिकेतला मोठा अभ्यास 2020 साली प्रसिद्ध झाला. त्यात ना वीर्य सुधारलं, ना जन्माला येणारी मुलं वाढली.

त्यापेक्षा ताटाकडे बघा. सकाळची तर्री-कचोरी रोजची नको. ज्वारीची भाकर, वरण, अंबाडीची भाजी, आवळा, हंगामात संत्री, आणि रोज अर्धा-पाऊण तास झपाझप चालणं. रिपोर्ट खराब आला तर साखर तपासा आणि वृषणांच्या शिरा फुगल्या आहेत का, हे डॉक्टरांना दाखवा.

आणि पंधरा दिवसांत पुन्हा तपासायला धावू नका. शुक्राणू तयार होऊन बाहेर पडायला जवळपास तीन महिने लागतात. आज खर्रा सोडलेल्या भाऊंच्या रिपोर्टमागे मी पेनानं तीन महिन्यांनंतरची तारीख लिहून देतो, आणि त्या दिवशी दोघांनाही सोबत यायला सांगतो.