स्क्रॅबलमध्ये हातातल्या अक्षरांतून जास्त गुणांचा शब्द कसा शोधावा

इंग्रजी स्क्रॅबलमध्ये सातही सोंगट्या एकाच चालीत लावल्यास 50 गुण अधिक मिळतात, म्हणून शोधाची सुरुवात तिथूनच करावी. आयएनजी, ईडी, ईआर यांसारखे प्रत्यय आणि आरई, यूएन हे उपसर्ग आधी बाजूला काढावेत आणि उरलेली चार-पाच अक्षरे पुन्हा पुन्हा जागा बदलून पाहावीत. सोंगट्या आल्या तशाच ठेवल्या, तर डोळा एकाच क्रमात अडकतो. ए, ई, आय, एन, आर, टी ही सहा अक्षरे फारच उदार आहेत, कारण त्यांना एस मिळाला की ‘रिटेन्स’, ‘रेटिनाज’, ‘नॅस्टिअर’ असे अनेक शब्द तयार होतात. त्यामुळे एस किरकोळ गुणांसाठी खर्च करू नये. शंभर सोंगट्यांत तो चारच वेळा येतो.

मात्र लांब शब्दच नेहमी श्रेष्ठ ठरतो असे नाही. क्यू आणि आय यांचा दोनअक्षरी शब्द अक्षराचे गुण तिप्पट करणाऱ्या घरावर क्यू ठेवून आडवा-उभा असा दोन्हीकडे जुळवला, तर 62 गुण होतात.