व्याख्येआधी सुतळी: सहावी ते आठवीच्या मुलांना भूमिती कशी शिकवावी

सहावीतल्या मुलाला चौरसाची व्याख्या विचारली तर तो ती बहुधा न अडखळता सांगतो. पण तोच चौरस फळ्यावर एका कोपऱ्यावर उभा करून काढला, की "हा चौरस नाही, ही शंकरपाळी आहे" असे उत्तर येते. दोष मुलाचा नाही. पियरे व्हॅन हीले आणि दिना व्हॅन हीले-गेल्डोफ या डच शिक्षक दांपत्याने 1957 साली मांडले की मूल आधी आकार नुसता दिसण्यावरून ओळखते, मग त्याचे गुणधर्म पाहते आणि त्यानंतरच गुणधर्मांमधले नाते समजून घेते. यातली एखादी पायरी गाळून व्याख्या पाठ करून घेतली, तर ती केवळ तोंडी राहते. म्हणून शिकवताना आधी मोजणे व आखणे, मग वहीतली रचना आणि सर्वांत शेवटी व्याख्या, हा क्रम ठेवावा.

साहित्य फार लागत नाही. सुतळी, खुंट्या, फक्की, मोजपट्टा, सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी आणि तुराट्या एवढे पुरे. तुरीची रास झाली की मराठवाड्यातल्या बहुतेक गावांत तुराट्यांचे भारे सहज मिळतात. त्यांतल्या सरळ, सारख्या जाडीच्या काड्या निवडून कापून ठेवाव्यात.

सुरुवात मैदानावर करावी. दोन खुंट्यांमध्ये सुतळी ताणली की रेषाखंड दिसतो, आणि ती दोन्ही बाजूंना न थांबता पुढे जात आहे अशी कल्पना करायला सांगितले की रेषा समजते. यात फार वेळ घालवू नये. खरा वेळ काटकोनाला द्यावा. घराचा पाया आखताना गवंडी कोपऱ्यापासून एका सुतावर 3 फुटांवर आणि दुसऱ्यावर 4 फुटांवर खूण करतो. या दोन खुणांमधले तिरपे अंतर 5 फूट भरले, की कोपरा गुण्यात, म्हणजे काटकोनात, आला असे म्हणतो. मुलांनी आधी नुसत्या नजरेने फक्कीचा काटकोन आखावा आणि मग तो याच रीतीने तपासावा. एखाद्या विद्यार्थ्याचे वडील गवंडीकाम करत असतील, तर त्यांना सन्मानाने बोलावून हे काम त्यांच्याच हातून दाखवावे. पुढे पायथागोरसचे प्रमेय आणि त्याचा व्यत्यास शिकवताना हा कोपरा मुलांना आपोआप आठवतो.

कोन शिकवताना दोन तुराट्या रबरी नळीच्या तुकड्याने जोडून उघडझाप करावी. भुजा लांब म्हणजे कोन मोठा, असे अनेक मुलांना वाटते. आखूड काड्यांचा मोठा कोन आणि लांब काड्यांचा लहान कोन शेजारी ठेवल्यावर हा समज दूर होतो. कोनमापकावर दोन उलटसुलट मोजण्या असल्याने 60 अंशांचा कोन 120 वाचला जातो. यावर खात्रीचा उपाय असा, की मापक ठेवण्याआधीच कोन लघुकोन आहे की विशालकोन, हे मुलाने मोठ्याने सांगावे.

त्रिकोणासाठी 5, 7 आणि 15 सेंटिमीटरच्या काड्या देऊन त्रिकोण करायला सांगावे. तो होत नाही, आणि का होत नाही याची चर्चा मुले स्वतःच सुरू करतात. त्या वेळी शिक्षकाने उत्तर सांगण्याची घाई करू नये. 15 ऐवजी 10 ची काडी दिली की त्रिकोण जमतो, आणि दोन बाजूंची बेरीज तिसरीपेक्षा मोठी असावी लागते हे मुलांच्याच तोंडून येते. नंतर चार काड्यांचा चौकोन जोडावा. तो हलवला की कलतो, त्रिकोण मात्र हलत नाही. शाळेच्या पत्र्याच्या शेडला लोखंडी कैची, म्हणजे छप्पर पेलणारा सांगाडा, असेल, तर ती वर पाहून त्यातले त्रिकोण मोजायला लावावेत. कागदी त्रिकोणाचे तीन कोपरे फाडून शेजारी शेजारी लावल्यास सरळकोन होतो, हेही इथेच दाखवावे. पण ती सिद्धता नव्हे, हे स्पष्ट सांगून आठवीत समांतर रेषांच्या आधारे कारण द्यावे.

परिमिती आणि क्षेत्रफळ यांची गल्लत सर्वांत चिवट असते. इथे सूत्रापेक्षा शेत उपयोगी पडते. एक गुंठा म्हणजे 33 फूट लांब व 33 फूट रुंद, अर्थात 1089 चौरस फूट जागा, आणि असे 40 गुंठे मिळून एक एकर होतो. आता 99 फूट लांब व 11 फूट रुंद पट्टा घ्यावा. त्याचेही क्षेत्रफळ 1089 चौरस फूटच आहे. पण पहिल्या तुकड्याला 132 फूट कुंपण लागते आणि दुसऱ्याला 220 फूट. भावाभावांत वाटणी होऊन चिंचोळ्या पट्ट्या झालेल्या शेतांना तारेचा खर्च जास्त का येतो, हे शेतकऱ्यांच्या मुलांना लगेच पटते. मैदान पुरेसे लांब असेल तर दोन्ही आकार फक्कीने आखून कडेने चालायला लावावे.

आठवीच्या वर्गाची सहल छत्रपती संभाजीनगरला जाणार असेल, तर बीबी का मकबऱ्यातील कबरीभोवतीची संगमरवरी जाळी अवश्य दाखवावी. ती अष्टकोनी आहे. परतल्यावर वहीत अष्टकोन काढून एका शिरोबिंदूतून कर्ण काढले, की 6 त्रिकोण होतात. कोनांची बेरीज 1080 अंश येते आणि सुसम अष्टकोनाचा प्रत्येक कोन 135 अंशांचा ठरतो.

एवढे झाल्यावर व्याख्या मुलांकडूनच लिहून घ्यावी. "चार बाजू समान असलेला चौकोन म्हणजे चौरस" असे कोणी लिहिले, तर खोडून न टाकता चार समान तुराट्यांचा कललेला चौकोन त्याच्या हाती द्यावा आणि व्याख्येत काय राहिले, हे त्यालाच विचारावे.