अल्ट्रासॉनिक हीट मीटरच्या डिझाइनला हात घालताय? मग आधी शून्य बघा

हीट मीटर म्हणजे पाण्याचा फ्लो आणि येणाऱ्या-जाणाऱ्या पाण्याच्या तापमानातला फरक मोजून उष्णता काढणारा मीटर; अल्ट्रासॉनिकमध्ये फ्लो काढतात तो आवाजाच्या पल्सला लागणाऱ्या वेळेवरून. हा वेळ मोजणारी टीडीसी चिप पहिल्यांदा हातात आली की सगळे तिच्या पिकोसेकंदांवर भाळतात. जीपी२२ म्हणते २२, टीआयची टीडीसी७२०० म्हणते ५५, आणि वाटतं की आता फ्लो मोजण्यात अवघड ते काय उरलं. मलाही तसंच वाटायचं. पण रेझोल्यूशन विकत मिळतं हो, शून्य, म्हणजे पाणी थांबलेलं असताना रीडिंगही शून्यच येणं, मिळत नाही.

कागद घ्या आणि हिशोब मांडा. डीएन१५ ची (१५ मिमी पाइपाच्या मापाची) बॉडी, क्यूपी (सतत चालणारा कमाल फ्लो) ताशी १.५ घनमीटर, आतली नळी १० मिमी, दोन ट्रान्सड्युसरमधलं (पल्स सोडणाऱ्या-पकडणाऱ्या पिझोंमधलं) अंतर ६० मिमी. सगळ्यात कमी फ्लो (क्यूआय) ताशी १५ लिटर धरला तर पाण्याचा वेग सेकंदाला जेमतेम ५ सेंटिमीटर येतो, आणि प्रवाहाविरुद्ध जाणाऱ्या आणि प्रवाहाबरोबर येणाऱ्या पल्सच्या वेळेतला फरक सुमारे ३ नॅनोसेकंद (३००० पिकोसेकंद). हीट मीटरचं युरोपियन स्टँडर्ड ईएन १४३४, त्याचा क्लास २ तिथे ४ टक्के चूक चालवून घेतो, म्हणजे तुमच्या हातात शंभर-सव्वाशे पिकोसेकंद. १ मेगाहर्ट्झच्या एका सायकलचा दहा हजारावा भाग!

आता ती गोची, जिने मला सगळ्यात जास्त छळलं. टेबलावर, साध्या तापमानाला, पाणी थांबलेलं असताना शून्य अगदी झकास येतं. तीच बॉडी दोन्ही टोकं बंद करून गरम बाथमध्ये ८० अंशांवर ठेवा, हिस्टोग्राम (रीडिंग किती पसरलीत त्याचा आलेख) तितकाच निमुळता दिसतो पण अख्खा बाजूला सरकलेला असतो. आणि इथे हमखास कुणीतरी सिनियर येऊन सांगतो, 'अ‍ॅव्हरेजिंग वाढव रे.' ऐकू नका. अ‍ॅव्हरेजिंगने जिटर (रीडिंगचं पसरणं) कमी होतो, ऑफसेट (शून्याचं सरकणं) जागचा हलत नाही. त्याहून वाईट शॉर्टकट म्हणजे लो-फ्लो कटऑफ, ठरावीक मर्यादेखालचं रीडिंग सरळ शून्य दाखवणं. तो लावला की नळ बंद असताना डिस्प्ले शांत, सगळे खूश, पण कटऑफच्या वर गेलात की तोच ऑफसेट प्रत्येक रीडिंगमध्ये मुकाट बसलेला असतो आणि कॅलिब्रेशन बेंचवर क्यूआयला डोकं वर काढतो. डेव्हलपमेंट फर्मवेअरमध्ये कटऑफ बंदच ठेवा, हे माझं ठाम मत आहे.

हे होतं का, तर दोन पिझो कधीच जुळे नसतात आणि तापमानाबरोबर त्यांचा रेझोनन्स (स्वतःची कंपनाची फ्रिक्वेन्सी) वेगवेगळा सरकतो. ट्रान्समिट करताना आणि रिसीव्ह करताना पिझोला दिसणारा इम्पिडन्स (सर्किटचा विरोध) सारखा असेल तर हा फरक दोन्ही दिशांत सारखाच पडतो आणि वजाबाकीत उडून जातो. सारखा नसेल तर उरतो. म्हणून ड्राइव्हच्या वाटेवरचा रेझिस्टर-कपॅसिटर रिसीव्हच्या वाटेवरही तोच हवा, दोन्ही चॅनेलना, आणि मल्टिप्लेक्सरचा (चॅनेल बदलणाऱ्या स्विचचा) ऑन-रेझिस्टन्सही त्यात धरा.

चूक कुठे आहे ते शोधायचं असेल तर दोन्ही ट्रान्सड्युसरच्या वायरी एकमेकांच्या चॅनेलला लावा. ऑफसेटचं चिन्ह उलटलं तर भानगड पिझोत किंवा पाण्यात, नाही उलटलं तर तुमच्या बोर्डात. पाण्यात म्हणजे खरंच पाण्यात: बॉडी एका बाजूला गरम, एका बाजूला गार असेल तर आतलं पाणी स्वतःहून फिरतं, तो खरा फ्लो असतो आणि आपण उगाच चिपला शिव्या घालतो. बाथमध्ये पुरेसा वेळ मुरू द्या. पाणी आधी उकळून घ्या, नाहीतर गरम होताना विरघळलेली हवा सुटते, बुडबुडे ट्रान्सड्युसरच्या तोंडावर चिकटतात, अ‍ॅम्प्लिट्यूड पडते आणि कम्पॅरेटर (लाट आली हे ओळखणारं सर्किट) पहिली लाट सोडून दुसरी पकडतो. मग चूक पिकोसेकंदांची राहत नाही, अख्ख्या मायक्रोसेकंदाची होते. (ही मात्र लगेच दिसते, त्यामुळे हिला घाबरू नका.)

बाकीचं तेवढं भीतीदायक नाही, खरंच. टेम्परेचरला पीटी१००० सेन्सरची जुळवलेली जोडी घ्या, ते मोजताना डिस्चार्ज होणारा कपॅसिटर सी०जी प्रकारचा घ्या (तापमानाने जवळपास न बदलणारा), एक्स७आर नको. चिल्ड वॉटरच्या बीटीयू मीटरला (एसीच्या गार पाण्यावरच्या अशाच मीटरला) तर डेल्टा-टी, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या पाण्याच्या तापमानातला फरक, पाच-सहा अंशांचाच असतो, तिथे जोडीत कंजूषी अंगाशी येते. आवाजाच्या वेगावरून तापमान काढायची हुशारी नको, पाण्यात तो ७४ अंशांच्या आसपास शिखर गाठून परत उतरतो, म्हणजे एकाच वेगाला दोन उत्तरं.

बॅटरीचा हिशोबही सोपा आहे: २.४ एएचची (अँपिअर-अवरची) लिथियम थायोनिल क्लोराइड दहा वर्षांना वाटली की सरासरी २७ मायक्रोअँपिअर, आणि तेही सेल स्वतःहून जे खातो ते न धरता, त्यामुळे टार्गेट दहाच्या आसपास ठेवा. सेल बराच काळ पडून राहिला की पॅसिव्हेशनमुळे (आत साचलेल्या थरामुळे) पहिल्या पल्सला व्होल्टेज बसतं, म्हणून सोबत कपॅसिटर लागतोच, पण लावण्याआधी त्याचा लीकेज (आपोआप गळणारा करंट) गरम तापमानाला मोजा, कारण काही इलेक्ट्रोलिटिक एकटेच सगळं बजेट खाऊन टाकतात.