ग्रीनचं एरेशन आणि टॉपड्रेसिंग: या चुका टाळा

गोल्फच्या ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर, भोकं पाडली (एरेशन), वाळू पसरली (टॉपड्रेसिंग), ब्रश फिरवला की काम उरकल्यासारखं वाटतं. मग दोन आठवड्यांत ग्रीनवर बारीक खळगे दिसू लागतात आणि पट केलेला (होलकडे हळूच ढकललेला) चेंडू थरथरत जातो. बहुतेक वेळा कारण एकच असतं: भोकं काठोकाठ भरलेली नसतात.

वाळू अंदाजाने मागवू नका. 12.5 मिमी जाडीची पोकळ टाइन (भोक पाडणारी सळई), 50 मिमी अंतर आणि 100 मिमी खोली धरली, तर चौरस मीटरला 400 भोकं पडतात आणि ती भरायला जवळजवळ 5 लिटर वाळू लागते. 500 चौरस मीटरच्या ग्रीनला अडीच घनमीटर, म्हणजे कोरडी वाळू पावणेचार ते चार टन. एवढं करूनही एका फेरीत जेमतेम 5 टक्के पृष्ठभागाखालचा थर बदलतो. त्यामुळे वर्षातून एकदाच भोकं पाडून जाड थॅच (गवताच्या बुडाशी साचलेला मेलेल्या काड्या-मुळांचा थर) आटोक्यात येत नाही.

वाळू पुरेशी असली तरी ओली असेल तर फसगत होते. ती भोकाच्या तोंडाशी अडकून टोपण धरते आणि खाली पोकळी राहते. भरलेल्या भोकात पेन्सिल दाबून पाहा. दोन-तीन सेंटिमीटरनंतर ती एकदम आत गेली तर भोक रिकामं आहे. वाळू सुकू द्या, मगच जाळी किंवा मऊ ब्रश फिरवा. भर उन्हात घासत राहिलात तर पातीच सोलवटते.

मूळ रूटझोनपेक्षा (मुळं वाढतात त्या थरापेक्षा) बारीक वाळू स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. बारीक थर पाणी धरून ठेवतो, खालच्या भरड थरात सहज सोडत नाही. वर दलदल आणि खाली कोरडं, अशी अवस्था होते. मुळंही वरच घुटमळतात. बहुतांश कण 0.25 ते 1 मिमीचे हवेत. बारीक वाळूचा थर एकदा बसला की काढायला पुढे अनेक एरेशन खर्ची पडतात, म्हणून चाळणी चाचणी आधीच करून घ्या.

टाइन वर येताना गवताची चकती उचलली जात असेल, तर मुळं उथळ आहेत, ग्रीन फार कोरडं आहे किंवा गवत दाबून धरणाऱ्या पट्ट्या वाकल्या आहेत. चिखलात काम केलं तर भोकाच्या भिंती लिंपल्या जातात. काम चालू असताना खोली मोजत राहा, वाळूत टाइन झपाट्याने झिजते. दरवेळी त्याच खोलीवर थांबलात तर तिथे कडक थर बसतो. अधूनमधून 200 मिमीपर्यंत भरीव टाइन चालवा.

वेळ गवताच्या वाढीनुसार ठरवा: बर्म्युडाला उन्हाळ्यात, बेंटग्रासला वसंतात किंवा शरदात. वाढ थांबलेली असताना पाडलेलं भोक आठवडेच्या आठवडे उघडं राहतं.

पहिल्या कापणीला उंची थोडी वाढवा आणि कापणी यंत्राला जुनं रील (फिरत्या पात्यांचा रूळ) लावा. वर उरलेली वाळू नव्या रीलची धार एका फेरीत घालवते.